दूताचा दोष आधीं पारखावा

मोटारीच्या इंजिनास ताप आला कीं नाहीं, हें सांगण्याचें काम बोटाएवढ्या एका लहानशा वस्तूकडे असतें. तीस कूलंटचा सेन्सर म्हणतात. आम्ही तीस उष्णतादूत म्हणूं. या दूताच्या पोटांत थर्मिस्टर असतो. धातूची तार तापली म्हणजे तिचा विद्युत्‌रोध वाढतो. थर्मिस्टरचा उलट घटतो. हा विपरीत गुण मायकेल फॅरेडे यांनीं १८३३ सालीं सिल्व्हर सल्फाइडांत पाहिला होता. पुष्कळ गाड्यांत २० अंश सेल्सिअसला सुमारें २,५०० ओहम असणारा रोध ८० अंशांस ३०० ओहमांच्या आसपास येतो. त्यावरून गाडीचा संगणक इंधन किती सोडावें हें ठरवितो. दूत सदा "थंड" म्हणूं लागला, तर इंधन व्यर्थ जळतें. सदा "ऊन" म्हणूं लागला, तर थंडीच्या सकाळीं गाडी सुरू होण्यास कुरकुरते.

तथापि कांटा चढला कीं प्रथम सेन्सरच बदलावयाचा, ही रीत बरी नव्हे. दूत अवध्य आहे, हें बिभीषणानें रावणास भरसभेंत सांगितलेंच होतें. कूलंट कमी झालें असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, पंखा बंद असेल, किंवा जोडणींत गंज शिरला असेल. तेथें नवा दूतहि तीच वार्ता आणील. याहून घातक प्रकार निराळाच. कूलंट इतकें आटलें कीं सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन होरपळत असतांहि कांटा खालींच राहूं शकतो. घाटांत हीटरमधून एकाएकीं गार हवा येऊं लागली, तर शांत कांट्यावर विसंबूं नये. गाडी तत्काळ थांबवावी.

परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या सेन्सरनें सकाळीं दाखविलेला अंश बाहेरच्या हवेशीं जुळला पाहिजे. हा अंश मिस्त्रीच्या तपासणीयंत्रावर दिसतो. तो फार निराळा असून तारा निर्दोष असतील, तरच दूत बदलावा.

बदलतांना इंजिन पूर्ण निवालेलें असावें. आंतील पाणी दाबामुळें १०० अंशांवरहि उकळत नाहीं. तापलेलें झांकण उघडतांच तें उसळून हातातोंडास पोळतें. बॅटरीची ऋण तार सोडावी, खालीं भांडें ठेवावें, जोडणी काढून जुना सेन्सर पान्यानें सोडवावा. नव्यास नवें वॉशर द्यावें आणि पुस्तिकेंत सांगितलें असेल तितकेंच आवळावें. अधिक जोर केल्यास आटे जातात. मग योग्य तेंच कूलंट भरून आंतील हवा काढावी व गळती पाहावी.

भांड्यांतील कूलंट मात्र अंगणांत ओतूं नये. त्यांतील एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड, पण विषारी असतें. मुलें व कुत्रीं-मांजरें त्यास फसतात. तें झांकून मिस्त्रीच्या स्वाधीन करावें. गाडी घरांतील कोणीहि चालवो, कांट्याची भाषा मात्र सर्वांसच आली पाहिजे.