'ळ' कुठे शोधायचा?

ह, ळ, क्ष, ज्ञ... वर्णमालेचं हे शेपूट पहिलीतलं पोरही एका दमात म्हणतं. संगणकाला मात्र ते कुणीतरी शिकवावं लागतं, आणि नाही शिकवलं तर भुर्दंड पडतो यादीत स्वतःचं नाव शोधणाऱ्याला.

आमच्या हिंगोलीचंच बघा ना. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला जिल्हा, तालुके पाच. डेटाबेसला म्हणा, नावं क्रमाने लाव. औंढा नागनाथ, कळमनुरी, वसमत, सेनगाव, हिंगोली. अगदी बरोबर! त्यामुळे सगळं ठीकच आहे असं वाटतं. आता गावं घ्या. बाळापूर आधी येतं, बासंबा नंतर. आडनावांत काळे आधी, कावळे मागून. क्षीरसागर 'क'च्या गर्दीत, ज्ञानेश्वर 'ज'मध्ये ज्योतीच्या आधी. आणि नावामागे 'ॲड.' लावणारे वकीलसाहेब थेट 'ह'च्याही पलीकडे!

कारण साधं आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. देवनागरीचा तक्ता 'इस्की' या भारतीय मानकावरून घेतला, आणि त्यात सगळ्या भारतीय लिप्या एकाच चौकटीत बसवायच्या होत्या. म्हणून 'ळ' जाऊन बसला 'ल'शेजारी. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरं, त्यांना स्वतंत्र क्रमांकच नाही. 'ॲ'ला जागा मिळाली २००८ मध्ये, तीही उरलेल्या कोपऱ्यात. भाषा सांगितली नाही तर डेटाबेस बऱ्याचदा हे क्रमांक लावून मोकळा होतो.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "सर्च आहे की!" आहे, पण पडद्यावर. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदाला सर्च नसतो. तिथे एखादे काळे 'कासार'च्या पुढे बोट फिरवतात, नाव दिसत नाही, आणि आपण यादीत नाहीच असं समजून घरी जातात. नाव असतं, पण वर. वर्णक्रमावर विश्वास ठेवल्याची ही शिक्षा!

बरं, उपाय अवघड म्हणावा तर तसंही नाही. क्रम लावायच्या या नियमांना कोलेशन म्हणतात. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये मराठीचं तयार कोलेशन मिळतं. ते पुरलं नाही तर २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीपासून आपले नियम आपणच लिहिता येतात: 'ह'नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. एका ओळीचं काम. एसक्यूलाइटमध्ये तुलनेचं फंक्शन स्वतः लिहून जोडता येतं. जुन्या तक्त्याचं कोलेशन बदललं की इंडेक्स पुन्हा बांधावे लागतात, एवढीच काय ती मेहनत.

खरा प्रश्न ठरवण्याचा आहे. अनुस्वाराचंच घ्या. बाराखडीत 'कं' शेवटी येतो, तर क्रमांकांच्या हिशेबात 'कंधारे' हे 'कदम'च्या आधी. यातलं काय हवं, हे प्रोग्रामरने एकट्याने का ठरवावं? शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात 'ॲ' आणि 'ऑ'लाही स्वरांत बसवलं. मग सॉफ्टवेअरचं काम देताना 'याद्या मराठी वर्णक्रमानेच हव्यात' अशी एक अट घालायला काय हरकत आहे? आणि अनुस्वाराचं काय करायचं, तेही तिथेच लिहून टाकावं.

कुणी मागितलंच नाही, तर काम करणारा तरी कशाला करेल? मागायला तर आपणच हवं.