शब्दांची सोयरीक

गेल्या सहामाही परीक्षेच्या निबंधात आमच्या एका विद्यार्थ्याने लिहिले, "मामा आले आणि आम्ही रात्री उशिरापर्यंत बातम्या मारल्या." वाचून दाखविताच वर्गात हशा पिकला. आम्ही मात्र हसलो नाही. कारण घरी कोंकणी बोलणाऱ्या आमच्या जिभेवरही 'खबरो मारप' हाच प्रयोग आधी येतो. त्या मुलाने 'खबर' या शब्दास शुद्ध मराठी प्रतिशब्द शोधला, 'मारणे' तसेच ठेवले, आणि गप्पा राहून गेल्या. शब्द दोन्ही मराठी. जोडी तेवढी मराठी नव्हे!

इंडोनेशियातील विद्यापीठांत इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांचीही हीच अडचण आहे. तेथे अशा विद्यार्थ्यास 'महासिस्वा' म्हणतात. त्यातील संस्कृत 'शिष्य' आपणांस सहज ओळखू येतो. त्या देशावर दीर्घकाळ राज्य केले ते डचांनी. त्यामुळे त्याची इंग्रजीशी गाठ पडते ती मुख्यतः वर्गात. त्याच्या भाषेत औषध 'पितात', मग ती गोळी का असेना! 'मिनुम ओबात' याचे तो 'ड्रिंक मेडिसिन' करतो. इंग्रजीस तेथे 'टेक' हवे असते. 'लेबात' म्हणजे दाट. हे विशेषण अरण्यासही लागते आणि पावसासही. इंग्रजीत अरण्य 'डेन्स', पण पाऊस 'हेवी'. परीक्षेची गंमत तर याहून मोठी. इंडोनेशियन विद्यार्थी परीक्षेच्या 'मागून जातो', आमचा ती 'देतो', इंग्रज ती 'घेतो'. म्हणून त्याच्या लेखणीतून 'फॉलो' उतरते आणि आमच्या मुलांच्या लेखणीतून 'गिव्ह'. कोणी कोणास हसावे?

अशा चुकांस निष्काळजीपणा म्हणणे आमच्या मते अन्यायाचे आहे. इंडोनेशियन भाषेत विशेषण नामाच्या मागून येते. रुग्णालयास 'रूमाह साकित', म्हणजे शब्दशः 'घर आजारी', असे म्हणतात. हा क्रम इंग्रजीत उलटतो, हे एकदा सांगितले की पुरते, कारण तेथे नियम आहे. पावसाशी 'हेवी'च का, यास नियम नाही; ती सोयरीक कोणी कधी जुळविली, हे इंग्रजही सांगू शकणार नाही. बरे, मातृभाषा प्रत्येक वेळी फसविते असेही नाही. निर्णय आपण 'घेतो'. इंडोनेशियन भाषेतही तो घेतात, आणि इंग्रजीतही 'टेक' चालते. कोणती जोडी जुळेल व कोणती नाही, हे बिचाऱ्यास आधी कळावे कसे? तेथील अनेक विद्यापीठांत पदवीच्या प्रबंधास इंग्रजी सारांश जोडावा लागतो. परका वाचक ते एकच पान पाहतो, आणि भाषेवरून अभ्यासाची किंमत करतो.

शब्दार्थांची यादी पाठ करून घेणारे आपण शिक्षकच येथे अधिक दोषी आहोत. 'पाऊस म्हणजे रेन' एवढेच फळ्यावर लिहून आम्हीही कितीतरी वर्षे थांबत आलो. त्याबरोबर 'हेवी' लिहावयास खडू काही कमी पडत नव्हता.

त्या मुलाच्या निबंधातील 'बातम्या' आम्ही खोडल्या. समासात एकाखाली एक 'खबरो मारप' आणि 'गप्पा मारणे' असे लिहिले, आणि गुण अर्धाच कापला; कारण 'मारणे' त्याने बरोबर योजिले होते.