तुमच्या घराचा मेन कॉक कुठे आहे?

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक छोटी परीक्षा. तुमच्या घरातला एखादा नळ आत्ता मोडून हातात आला, तर पाणी बंद करायला तुम्ही कुठे धावाल? उत्तर सुचत नसेल तर लाजू नका. वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवणारा मीही या परीक्षेत नापास झालो आहे.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या न्हाणीघरातला जुना नळ आट्यांपाशी मोडला आणि धार समोरच्या भिंतीवर आदळू लागली. मी धावत खाली गेलो आणि रस्त्याकडून येणाऱ्या नळाचा कॉक बंद केला. वर येऊन पाहतो तो धार तशीच! तशीच असणार. त्या कॉकने टाकीत येणारे पाणी थांबते, टाकीतून उतरणारे नव्हे. मग गच्ची गाठली. तिथे चार कॉक, आणि एकावरही नाव नाही. पहिला फिरवला तर शेजाऱ्यांचे पाणी गेले. शेवटी वाळवण घालणाऱ्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "अरे, कोपऱ्यातला तुमचा. रोज माझ्या पायात येतो!" पण तोही क्षारांनी घट्ट बसलेला. पान्हा आणून तो फिरेपर्यंत अर्धी टाकी रिकामी झाली होती आणि पाणी दिवाणखान्यातल्या विजेच्या प्लगपर्यंत पोचले होते.

आता थोडे गणित करू. टाकीचा तळ आमच्या नळापेक्षा सुमारे ६ मीटर उंच आणि टाकीत पाणी १ मीटर. धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हा टोरिचेल्लीने १६४४ साली प्रसिद्ध केलेला नियम. टाकी पूर्ण रिकामी होत आली तरी उंची ७ वरून ६ मीटरच होते, म्हणजे वेग जेमतेम ७ टक्क्यांनी घटतो. 'थोड्या वेळाने जोर कमी होईल' ही आशा म्हणूनच व्यर्थ आहे. पंधरा लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरत असेल, तर हजार लिटरची टाकी सुमारे ३३ मिनिटांत संपते.

पण हेच गणित धीरही देते. ७ मीटर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलोग्रॅम भाराइतका. १५ मिलिमीटर व्यासाच्या नळीचे तोंड पावणेदोन चौरस सेंटिमीटरचे. म्हणजे ते दाबून धरायला सव्वा किलोग्रॅम भाराचे बल पुरते! फडक्याची घट्ट गुंडाळी करून एकाने ती दाबून धरावी, तोवर दुसऱ्याने कॉक बंद करावा. मात्र गीझरच्या गरम पाण्याच्या नळीला हात लावू नये, आणि पाणी विजेच्या प्लगजवळ पोचत असेल तर कोरड्या जागी उभे राहून आधी विजेचा मेन स्विच बंद करावा.

कॉक दोन प्रकारचे असतात. चाकाचा कॉक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बरेच फेरे फिरवल्यावर बंद होतो. दांड्याचा कॉक पाव फेऱ्यात बंद होतो. दांडा नळीला आडवा असला की पाणी बंद. कॉक बंद केल्यावरही नळ्यांत उरलेले पाणी काही वेळ येतच राहते. घरातला सर्वांत खालचा नळ उघडून ते बादलीत उतरवून घ्यावे.

काही जण म्हणतील, "हे प्लंबरचे काम आहे." दुरुस्ती प्लंबरची, हे मान्य. पण प्लंबर येईपर्यंत पाणी वाट पाहत नाही. पाणी थांबवणे हे घरातल्यांचेच काम आहे, आणि अशा वेळी घरात एकटा विद्यार्थीही असू शकतो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, द्रवाच्या दाबाचा धडा शाळेत शिकवला की त्याचे प्रात्यक्षिक प्रत्येकाने घरी करावे. टाकीपासून नळापर्यंत पाण्याच्या वाटेचा नकाशा काढावा. वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन कोणता कॉक कशाचा हे पाहावे आणि रंगाने त्यावर नाव लिहावे. दर दोन-तीन महिन्यांनी तो एकदा बंद करून पुन्हा उघडावा, म्हणजे तो जाम होत नाही. आधीच जाम असेल तर जोर लावू नये. आतला दांडा तुटतो. अशा वेळी प्लंबरला सांगून तो बदलून घ्यावा.

टोरिचेल्लीचा नियम मी शेकडो विद्यार्थ्यांना फळ्यावर सिद्ध करून दाखवला आहे. माझ्या घरी तो लागू झाला त्या दिवशी मला वाळवण घालणाऱ्या आजींना विचारावे लागले. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका. हा अंक मिटवा आणि आजच गच्चीवर जाऊन या.