माती गेली, सातबारा नव्हताच

कोकणात समुद्र किनारा खातो, जमिनी जातात, हे आपण वाचतो. आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. पण जमीन वाहून जाण्याचे दुःख २०२५ च्या सप्टेंबरात आम्हीही पाहिले. परंडा, भूम भागात पुराचे पाणी शिवारात, घरात शिरले. माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. ज्या जिल्ह्याची ओळखच दुष्काळ, तिथे हे! हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस येतो तो असा एकदम कोसळतो.

७ ऑक्टोबरला सरकारने मदत जाहीर केली. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख, शिवाय रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतची कामे. चांगली गोष्ट आहे. पण ही मदत खातेदाराची. ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्याचे काहीच वाहून गेले नाही काय?

आमची कितीतरी कुटुंबे गायरान कसतात. माळ फोडला, दगड वेचले, बांध घातले. मुरमावर वीतभर माती जमवायला एक पिढी खपली. सातबाऱ्यावर मालक सरकार, घाम मात्र आमच्या आईबापांचा. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन लाखो भूमिहीन तुरुंगात गेले, ते जमिनीसाठीच. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तारीख तेवढी जयंतीची निवडली! कागद मात्र अनेकांच्या हाती अजून नाही. उलट सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालाकडे बोट दाखवून उठवण्याची भाषा होते. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला आहे, तो कुणी वाचून दाखवत नाही.

मायबहिणींनो, पत्र्याच्या पेटीतल्या जुन्या दंडाच्या पावत्या फेकू नका. ज्या गुन्ह्यासाठी दंड भरला, तोच आपण जमीन कसत होतो याचा पुरावा आहे. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई ची नक्कल मागा. अतिक्रमणाची नोंद त्यात असते. पुरात पावत्या भिजल्या असतील तर तहसीलमध्ये आजच अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.