रस्त्याच्या पोटातला फोटो

कसारा लोकलनं आटगावला उतरलात, तर तिथल्या मुलांना पावसाबद्दल विचारा. शहापूर तालुक्यातली तानसा आणि भातसा ही धरणं याच पावसानं भरतात. पण हाच पाऊस डांबरी रस्त्यांची परीक्षाही घेतो. जूनमध्ये गुळगुळीत असलेल्या रस्त्याला ऑगस्टपर्यंत खड्डे पडतात. पाण्यानं भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही आणि सायकलवाला आपटतो. कधी कधी जीवही जातो.

गंमत अशी की, वरून सारखे दिसणारे दोन रस्ते पावसात मात्र वेगळे वागतात. एक टिकतो, दुसरा उखडतो. असं का? उत्तर रस्त्याच्या पोटात आहे.

डांबरी रस्ता म्हणजे गुळातला शेंगदाण्यांचा लाडूच म्हणा ना! दाणे म्हणजे खडी, गूळ म्हणजे डांबर. वजनात खडी जवळजवळ ९५ टक्के, डांबर फक्त ५ टक्के. शिवाय थोडी हवा. ही हवा अगदीच कमी असली, तर उन्हाळ्यात फुगलेल्या डांबराला जागा उरत नाही. ते वर येतं आणि रस्त्यावर चाकोऱ्या पडतात. हवा ८ टक्क्यांहून जास्त झाली, तर पोकळ्या एकमेकींना जोडल्या जाऊ लागतात. मग त्यांतून पाणी आत शिरतं, ट्रकच्या चाकाखाली ते जोरानं दाबलं जातं आणि खडीवरचं डांबर सुटतं. सुटी झालेली खडी निघाली की झाला खड्डा तयार!

पोकळी एकूण किती, हे नमुना हवेत आणि पाण्यात तोलून काढता येतं. आर्किमिडीजचंच तत्त्व! पण पोकळ्या कुठे आहेत, जोडलेल्या आहेत की सुट्या, हे वजन सांगत नाही. तिथे मदतीला येतं दवाखान्यातलं सीटी स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या या यंत्रानं १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं. १९९० च्या दशकात संशोधकांनी रस्त्याचे नमुनेही अशा यंत्रात ठेवले.

रस्त्यातून डब्यासारखा गोल तुकडा कापून काढतात. दवाखान्यात यंत्र रुग्णाभोवती फिरतं. इथे बहुधा नमुनाच गोल फिरतो. क्ष-किरण त्यातून आरपार जातात. दगड जास्त किरण अडवतो म्हणून उजळ दिसतो, डांबर करडं आणि हवा काळी. अशा शेकडो पातळ चकत्यांची चित्रं संगणक एकावर एक रचतो. मग एखादी पोकळी वरून खालपर्यंत बोगद्यासारखी गेली आहे का, ते कळतं. आणि तेही नमुना न फोडता!

करून पाहा : अख्ख्या शेंगदाण्यांचा लाडू मोठ्या माणसाकडून मधोमध कापून घ्या. पारदर्शक कागदावर अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन आखून तो कापलेल्या बाजूवर ठेवा. रेषा जिथे छेदतात, तो प्रत्येक बिंदू कशावर पडतो? दाण्यावर, गुळावर की पोकळीवर? ६० पैकी ३ बिंदू पोकळीवर पडले, तर पोकळी सुमारे ५ टक्के. आता लाडू सैल वळा आणि पुन्हा मोजा. डांबर गरम असतानाच रोलर का फिरवतात, ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि हो, प्रयोग संपल्यावर नमुना खायला हरकत नाही!