रकान्यात अडकलेलं स्थळ

विवाहाच्या संकेतस्थळावर मुलामुलींची माहिती भरून झाली, की आपल्याकडे घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : "अहो, बेळगावातली स्थळंच दिसत नाहीत!" स्थळं असतात. घोटाळा रकान्यांत असतो.

वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत स्थळ शोधणाऱ्या काकूंना बेळगाव, बेलगाम आणि बेळगावी एकच, हे कुणी सांगावं लागत नसे. संगणक मात्र अक्षरास अक्षर लावून बघतो. कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ रोजी १२ शहरांची नावं बदलली. एकाच्या रकान्यात जुनं नाव, दुसऱ्याच्या रकान्यात नवं. मुलगा शहापूरचा, मुलगी वडगावची, तरी संगणकाच्या लेखी गावं दोन! विजापूर-विजयपूर, हुबळी-हुब्बळ्ळी यांचीही तीच गत. तेव्हा शोधताना दोन्ही नावं घालून बघा. पिनकोडाची सोय असेल तर उत्तमच, ५९०००१ हा आकडा मराठीतही तोच आणि कन्नडमध्येही तोच.

खरी पंचाईत 'मातृभाषा' या रकान्याची. आई गोकाककडची, वडील खानापूरचे. मुलं आईशी कन्नड बोलतात, आजीशी मराठी, आणि भांडतात दोन्हींत. रकान्यात मात्र एकच भाषा मावते. मग भाऊ 'मराठी' लिहितो, त्याच घरातली बहीण 'कन्नड'. पलीकडच्यांनी अपेक्षेत 'मराठी' निवडलं असेल, तर बहीण त्यांना दिसतच नाही. तिला कुणी नाकारलेलं नसतं. तिचं नाव त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. अहो, २०११ च्या जनगणनेतसुद्धा मातृभाषेशिवाय आणखी दोन भाषा लिहायला जागा होती! माझं स्पष्ट मत आहे, की आपल्या भागातल्या घरांनी अपेक्षेत भाषेची अट घालूच नये, आणि स्वतःच्या माहितीत 'इतर भाषा' हा रकाना कधी रिकामा सोडू नये.

उंचीचीही गंमत बघा. ५ फूट १० इंच म्हणून कुणी ५.१० लिहितो. संगणक ते दशांश समजला तर ५.५ वाल्यापेक्षा त्याला बुटका ठरवतो. सेंटिमीटरमध्ये लिहिलं की प्रश्न मिटला.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. अनेक ठिकाणी जुळवणी दोन्हीकडून होते. मुलाची अपेक्षा मुलीच्या माहितीशी आणि मुलीची अपेक्षा मुलाच्या माहितीशी ताडून पाहतात. पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले तरी चालतं. इथे 'हवंच' अशी खूण केलेला एक रकाना चुकला की स्थळ यादीबाहेर. म्हणून अशा खुणा दोन-तीनच ठेवा, बाकी 'चालेल'.

ज्या मंडळांनी स्वतःची संकेतस्थळं काढली आहेत, त्यांनाही एक विनंती. गाव आणि भाषा हाताने लिहायला लावू नका, यादीतून निवडू द्या. गावाची जुनी-नवी नावं एकाच खाती जोडा. आणि मातृभाषेपुढे दोन खुणा करता येतील एवढी जागा ठेवा.