तालमीत मुली का नाहीत?

गेल्या महिन्यात आमच्या वेळणेश्वरच्या बौद्धवाडीत, विहाराच्या अंगणात मुलींना बैठका मारायला लावल्या. दहा बैठकांत निम्म्या जणी धापा टाकत खाली बसल्या. नववी-दहावीच्या मुली! मला लहुजी वस्ताद आठवले.

लहुजी राघोजी साळवे, जन्म १७९४, पुरंदरच्या पायथ्याचं पेठ गाव. पुण्याच्या गंज पेठेत त्यांची तालीम होती. कुस्ती, दांडपट्टा, निशाणेबाजी. जोतीराव फुले तिथे शिकले, वासुदेव बळवंत फडकेही शिकले. ज्या जातीच्या सावलीचा विटाळ मानत, त्या मातंग वस्तादाकडे पुण्याची पोरं मान लववून जात. पुढे फुल्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिलं. चौदा वर्षांच्या पोरीने दोघांचं दुःख एकत्र मांडलं. आपण मात्र ‘ते त्यांचे वस्ताद’ म्हणून फोटोसुद्धा लावत नाही. मला हे बरोबर वाटत नाही.

चीनमधले वोंग फेइ-हंग (१८४७–१९२५) कुंग फूचे गुरू होते, आणि वैद्यही. मार शिकवणाराच मलमपट्टी करायचा. नर्स असल्यामुळे मला हे फार आवडतं.

तर धाप लागणं म्हणजे आळस नव्हे. आधी मुलीचं रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. फारच कमी असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात पडून राहते, ती जेवणानंतर घ्यायला लावा. वर लगेच चहा नको. शेवग्याचा पाला, कुळीथ, सुकट आपल्या घरात असतंच. वर लिंबू पिळा. (मुलग्यांनो, जिमच्या पावडरचे पैसे वाचवा.)

वहिनी विचारतात, पाळीत उड्या मारल्या तर? काही होत नाही. झेपेल तेवढं करावं, फार दुखत असेल तर त्या दिवशी बसावं.

जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते. त्यातून मुंबई मंडळाने मुलींसाठी चार लाठ्या आणि एक चटई दिली तरी पुरे. मुली मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी येतात. लाठी शिकवणारं कोणी हवं आहे. निवृत्त पोलीस, होमगार्ड, कोणीही चालेल. बाई असेल तर आधी तिला सांगा.